रुमालाखालचा बैल

खरसुंडीच्या पौषी यात्रेत उन्हं जरा वर आली की माळावर एक मुका व्यवहार सुरू होतो. दोन माणसं समोरासमोर उभी. एकाच्या खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर पडतो. आत बोटं बोटांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. बाहेर दोन्ही चेहरे सारवलेल्या भिंतीसारखे कोरे. मधेच एकजण हात झटकतो, ‘छ्या, ह्याला काय देणं म्हणत्यात व्हय?’ म्हणत चार पावलं चालू लागतो, आणि एक तिसरा माणूस धावत जाऊन त्याला दंडाला धरून परत आणतो. पुन्हा टॉवेल, पुन्हा बोटं. हा तिसरा म्हणजे दलाल. शेजारी मेखेला बांधलेला बैल कडब्याची पेंढी खात उभा असतो. त्याला कुणी काही विचारत नाही.

खरसुंडी सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात. सिद्धनाथाचं ठाणं. देवापुढं गुलाल-खोबरं उधळायचं, ‘नाथबाबाच्या नावानं चांगभलं’ म्हणायचं आणि तिथून थेट बैलांच्या दावणीत शिरायचं, असा इथला रिवाज. साताऱ्याकडे माण तालुक्यात म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो. खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, तिथं भाविक रथाला नोटांच्या माळा बांधतात. जतला यल्लमादेवीची यात्रा. या यात्रांना जनावरांचा बाजार जोडलेला आहे आणि त्यात मान खिल्लाराचा. माणदेशच्या कोरड्या हवेत, कमी चाऱ्यावर निभावणारी ही जात अंगानं सडपातळ, चालीला चपळ. शिंगं लांब, मागं झुकून वर गेलेली. देवाच्या दारात बाजार भरतो म्हटल्यावर सौद्याचा पहिला साक्षीदार देवच. मग त्या साक्षीदाराची विकणाऱ्याकडून अपेक्षा तरी काय? बैलाची खोड विचारली तर खोटं बोलू नये, एवढं कुणीही सांगेल. पण कुणी विचारलीच नाही तर?

होडी घेणाऱ्यालाही हाच घोर असतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी तापोळा-बामणोलीला, किंवा सांगलीजवळ ज्या कृष्णाकाठच्या गावांना होड्यांच्या शर्यतींचं वेड आहे तिथं, काठावर पालथी घातलेली होडी रंगाचा हात दिल्यावर नवीच दिसते. फळीतली चीर पाण्यात गेल्यावर बोलते, आणि तोवर पैसे मोजून झालेले असतात. पण या दोन जिल्ह्यांत होडी विकत घेणारे मोजके. बैल घेणारे पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यामुळं दलालाचा, लपवलेल्या खोडीचा आणि पापपुण्याचा हिशेब इथं मांडायचा तर तो बैलाच्याच दावणीत मांडावा लागतो.

बैल घ्यायला येणारा माणूस आधी तोंड उघडून दात बघतो. दुधाचे दात असतील तर ‘आदत’. दोन-अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे पक्के दोन येतात, तो ‘दोन दाती’. मग चार दाती, सहा दाती, आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत आठही दात आले की बैल ‘जुळला’. त्यानंतर दात झिजत जातात आणि वय अंदाजानं सांगायची पाळी येते. नेमकं इथंच कानशीला काम मिळतं. शिंगं साळून, तेल लावून चकचकीत केली की म्हाताऱ्या बैलाचीही दोन-तीन वर्षं उतरतात. गाय असेल तर एक वेळची धार न काढता दूध तुंबवायचं. सड टरारून आलेले बघून गिऱ्हाईक भुलतं. मग खूर, वशिंड, शेपटीचा गोंडा, चाल. आणि शेवटी भोवरे. कुठला भोवरा शुभ, कुठली गोम अशुभ याचं एक आख्खं शास्त्र माणदेशातल्या म्हाताऱ्यांना पाठ असतं. गोम म्हणजे अंगावरची केसांची उलटी रेघ. ‘त्यात एक गोम आहे’ असं आपण एखाद्या कराराबद्दल सहज म्हणतो तेव्हा जनावरांचा बाजार नकळत बोलीत आलेला असतो.

शेतकरी थेट शेतकऱ्याकडून बैल घेताना एकच गोष्ट दहादा विचारतो: ‘घरचा हाय का हेड्याचा?’ हेडी म्हणजे बाजार-बाजार फिरून जनावरं घेणारा-विकणारा. घरच्या बैलाबद्दल मालकाला सगळं ठाऊक असतं, म्हणून तो लपवलं तर जाणूनबुजून लपवतो. हेड्याला पुष्कळदा खरंच ठाऊक नसतं. त्यानं तो बैल आठ दिवसांपूर्वी दुसऱ्या बाजारात घेतलेला असतो. तरी विश्वास मालकावर आणि संशय हेड्यावर. यात अन्याय आहे, पण त्यामागं एक बारीक समज आहे. ज्याला त्याच गावात उद्या तोंड दाखवायचंय तो फार खोटं बोलणार नाही, असा हा हिशेब असतो.

आता त्या टॉवेलाकडं वळू. बोटांच्या या भाषेला मराठीत करपल्लवी असा सुंदर शब्द आहे. किती बोटं धरली तो आकडा, आणि ‘हे हजार’, ‘हे शेकडा’ एवढंच तोंडानं पुटपुटायचं. बाहेरून बघणाऱ्याला यात लबाडीचा वास येतो. सरकारलाही आला. शेतीवरच्या शाही आयोगानं १९२८ मध्ये नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई प्रांतानं १९३९ मध्ये कायदा केला, महाराष्ट्रानं १९६३ मध्ये. धान्य-हळदीच्या बाजारात उघड लिलाव आले. जनावरांच्या बाजारातून मात्र टॉवेल पुरता गेला नाही, आणि त्याला कारणं आहेत. चारचौघांत बोली उतरवली तर विकणाऱ्याची पत उतरते; टॉवेलाखाली उतरवली तर दोघांनाच कळते. शेजारी सोयरा उभा असतो, उधारीवाला उभा असतो, गेल्या वर्षी पैसे मागून गेलेला भाऊबंद उभा असतो. हातात किती आले हे त्यांना कशाला कळायला हवं? किंमत लपवण्यात खोटेपणा कुठला? विकणारा मनातल्या मनात कितीला राजी आहे, हे कळण्याचा घेणाऱ्याला हक्क नाही. तसंच घेणाऱ्याच्या बंडीच्या खिशात किती आहेत हेही कुणाला सांगायला तो बांधील नाही. टॉवेल आकडा झाकतो तोवर तक्रारीला जागा नाही. तो पसरत पसरत बैलावर यायला लागला की गोष्ट बदलते.

सांगलीला न पाहिलेल्या मालाच्या सौद्याची परंपरा बैलबाजाराबाहेरही मोठी आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवायचे. तोंड लहान, पोट मोठं. वरून बंद केलं की आतली हळद वर्षानुवर्षं टिकायची. घेणाऱ्यानं बघायचा तो नमुना. पेव फोडल्यावर आत काय निघेल तो विकणाऱ्याच्या शब्दाचा भाग. अशा शब्दावर सांगलीची पेठ उभी राहिली, हळदीचा वायदेबाजारही इथंच वाढला. पुढं २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि या साठवणीचा कणाच मोडला. तोवर मात्र कित्येक व्यापाऱ्यांनी आयुष्यभर हळद घेतली ती तिच्यावर नजर न टाकता, माणसावर नजर ठेवून.

गप्प बसणं म्हणजे फसवणं का, या प्रश्नावर भारतातल्या न्यायालयांत चालणारं उत्तर १८७२ चं आहे. भारतीय करार कायद्याचं सतरावं कलम फसवणुकीची व्याख्या करतं आणि वर खुलाशासाठी उदाहरणं देतं. ही उदाहरणं एखाद्या हेड्यानं सांगितल्यासारखी आहेत. एकजण लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. पुढचं उदाहरण: घेणारी त्याची स्वतःची मुलगी आहे, नुकतीच सज्ञान झालेली. आता नात्यामुळं त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी येते. तिसरं: घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरतो. विकणारा गप्प. आता त्याचं गप्प बसणं हेच बोलणं झालं. पुढं एकोणिसाव्या कलमात आणखी एक मेख आहे. नुसत्या गप्प बसण्यानं झालेली फसवणूक असेल आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊन खरं काय ते शोधता आलं असतं, तर करार मोडता येत नाही. तुझे डोळे उघडे होते ना, मग आता रडू नकोस, असा कायद्याचा सूर.

माणदेशातला माणूस हा कायदा न वाचता तिसऱ्या उदाहरणाचा वापर करतो. ‘पाव्हणं, काय बोलत न्हाई म्हणजे बैल खरा, आसं धरून चाललोय बरं का मी,’ असं तो सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणतो. दलालाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो.

हाच पेच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये एका बापानं मुलासाठी लिहून ठेवला. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सिसेरोनं अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ रचला, त्याच्या तिसऱ्या भागात ही कथा येते. ऱ्होड्‌स बेटावर दुष्काळ पडलाय, धान्याचे भाव कडाडलेत. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्यानं भरलेलं जहाज घेऊन पोचतो. त्याला माहीत आहे की मागून आणखी बरीच जहाजं येताहेत. सांगावं की गप्प बसून चढ्या भावानं विकावं? बाबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायद्यानं सांगायला लावलेले मालातले दोष सांगावेत, बाकी कपट न करता मिळेल तो भाव घ्यावा. मला जे ठाऊक आहे ते सगळं तुला सांगायला मी बांधील नाही. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाराही माणूसच आहे, त्याच्या कामाचं ते त्याला सांगितलंच पाहिजे. मग घराचं उदाहरण येतं: घर रोगट, खोल्यांत साप निघतात, मालकाशिवाय कुणाला ठाऊक नाही. डायोजेनिसच्या बाजूनं युक्तिवाद होतो, की त्यानं तुला घ्यायला भाग पाडलं का? त्याला नको असलेलं त्यानं विकायला काढलं, तुला हवं वाटलं ते तू घेतलंस. सिसेरो शेवटी गुरूला सोडून शिष्याच्या बाजूला जातो. प्रत्येक मौन म्हणजे लपवणं नव्हे, असं तो मान्य करतो. पण ज्याला कळल्यानं फायदा आहे त्याला, आपल्या लाभासाठी, कळू नये अशी इच्छा धरली की ते लपवणं. म्हणजे तो शब्द मोजत नाही, इच्छा मोजतो.

रोममध्ये हा नुसता वाद राहिला नव्हता. बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या जाहीरनाम्याप्रमाणं जनावर विकताना त्याचे रोग आणि दोष उघड सांगावे लागत, आणि न सांगितल्यास सहा महिन्यांच्या आत जनावर परत करता येई. आपल्याकडं धर्मशास्त्रकारांनी याला नाव दिलं ‘अनुशय’, म्हणजे घेतल्या-दिल्यानंतरचा पस्तावा. मनुस्मृतीत पस्ताव्याला दहा दिवस. याज्ञवल्क्यस्मृती हिशेबाला जास्त पक्की. ती वस्तूगणिक मुदत ठरवते. बियाणं दहा दिवस, लोखंड एक दिवस, ओझं वाहणारं जनावर पाच दिवस, रत्न सात दिवस, दुभतं जनावर तीन दिवस. (त्याच श्लोकात दासीला एक महिना आणि दासाला पंधरा दिवस पारखून बघण्याची सोय आहे, हे सांगितल्याशिवाय त्या श्लोकाचं कौतुक करणं बरं नव्हे.) कौटिल्य त्याहून सढळ: रोगी जनावर निरोगी म्हणून विकलं तर दंड, आणि चतुष्पादांचा सौदा तीन पंधरवडे, म्हणजे दीड महिना, फिरवता येतो. नारद मात्र घेणाऱ्याचेच कान धरतो. आधी नीट पारखून घे, पारखून पसंत केलेलं परत करता येणार नाही.

बैलाला पाच दिवस, ही याज्ञवल्क्यांची मुदत ज्यानं ठरवली त्यानं कधीतरी बैल पाळला असावा. पहिल्या दिवशी नवा बैल नव्या गोठ्यात बुजलेला असतो, दुसऱ्या दिवशी चारा सोडतो, तिसऱ्या दिवशी रुळतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जू मानेवर आलं की त्याची जी काही खोड असेल ती दाखवतो. खरसुंडीला किंवा पुसेगावला अशी मुदत नाही. फार तर तिथल्या तिथं गाडीला जुंपून शंभर पावलं चालवून बघायचं. विसार दिला, बाजार समितीची पावती फाडली, की सौदा संपला. बाजार उठला म्हणजे विकणारा बिऱ्हाड उचलून दुसऱ्या यात्रेला गेलेला असतो.

सांगली जिल्ह्यात आणि कृष्णाकाठी जैन समाज मोठा आहे, शेतीतही आणि पेठेतही. भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांचं वाचन होतं, रोज एक अध्याय. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो. खोटी मापं ठेवणं आणि हलका माल भारी म्हणून खपवणं, हे दोन्ही त्या अध्यायात असत्याच्या खात्यात जमा केलेले नाहीत. ते अचौर्याच्या, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे अतिचार आहेत. बाराव्या शतकातल्या आचार्य हेमचंद्रांनी आपल्या ‘योगशास्त्रा’त गृहस्थानं टाळायच्या पाच मोठ्या असत्यांची यादी दिली आहे, ती वाचताना तर त्यांनी एखादा यात्रेचा बाजार फिरून पाहिला होता की काय असं वाटतं. लग्नाच्या मुलीबद्दल खोटं, गायीबद्दल खोटं, जमिनीबद्दल खोटं, दुसऱ्याची ठेव दाबणं आणि खोटी साक्ष. दुसऱ्याला नाव आहे ‘गवालीक’. गाय म्हणजे सगळीच चार पायांची जनावरं, असं टीका सांगते. थोडं दूध देणारीला खूप दूध देणारी म्हणणं हे गवालीक, आणि याच्या उलट बोलणं हेही.

या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टींत आजही दलाल लागतो: सोयरीक, जनावर, जमीन. तिन्ही ठिकाणी घेणारा एकदाच घेतो आणि आयुष्यभर निभावतो.

गवालीकातली ती ‘उलट’ बाजू फार कामाची आहे. कारण बाजारात खोटं बोलण्याचा मक्ता एकट्या विकणाऱ्याकडं नाही. घेणाराही दावणीपुढं उभा राहून चांगल्या बैलाला नावं ठेवतो. वशिंड बसकं आहे म्हणतो, डोळा पाणेरी आहे म्हणतो, ‘असले दोन बैल घरी दावणीला हायेत, सोडून द्यावं म्हणतोय’ असंही म्हणतो, आणि मनातून त्याच बैलावर जीव जडलेला असतो. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकात असलंच एक गिऱ्हाईक भेटतं: घेताना माल वाईट, वाईट म्हणून नाक मुरडणारं आणि घरी जाताना आपल्या सौद्याची फुशारकी मारणारं. विकणाऱ्याच्या लबाडीवर धर्मग्रंथांनी पानंच्या पानं लिहिली. घेणाऱ्याच्या लबाडीवर बरंच कमी. कदाचित ग्रंथ लिहिणारे जास्त वेळा घेणारेच असत.

इस्लामी परंपरेतली धान्याच्या राशीची गोष्ट मिरजेच्या पेठेतही ऐकायला मिळते. पैगंबर बाजारातून जाताना एका राशीत हात घालतात. वर कोरडं धान्य, आत बोटांना ओल लागते. विकणारा सांगतो, पावसानं भिजलं. मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं ते विचारतात. भिजलेलं धान्य विकू नकोस असं ते म्हणत नाहीत. म्हाताऱ्या बैलालाही गिऱ्हाईक असतं, लंगड्यालाही असतं, त्याच्या भावानं.

आणि संत? त्यांच्या चरित्रांतही बाजार आहे. महिपतींच्या ‘भक्तलीलामृता’तले तुकाराम मिरच्या विकायला कोकणात जातात, लोकांवर विश्वास टाकून मापं त्यांच्याच हाती देतात, आणि परतीच्या वाटेवर एक ठक मुलामा दिलेली पितळी कडी सोन्याची म्हणून त्यांच्या गळ्यात मारतो. ही कथा कीर्तनात ऐकताना लोक हसतात. तुकोबांच्या भोळेपणावर जीव जडलेलं ते हसणं असतं. पण त्या लोकांपैकी एकही दुसऱ्या दिवशी बैलबाजारात तुकोबांसारखा वागत नाही. आपल्याला संत आवडतो, सौद्याला मात्र आपण चार कडक म्हातारे बरोबर नेतो.

दलालाची बाजूही ऐकून घ्यायला हवी. तो विकणाऱ्याकडून दलाली घेतो, घेणाऱ्याकडूनही घेतो, म्हणून दोघांच्याही शिव्या खातो. पण तो नसता तर निम्मे सौदे पहिल्या ‘छ्या’लाच मोडले असते. रागावून निघालेल्याला परत आणणं, दोघांपैकी कुणाचाही पडता भाव दिसू न देता आकडा मधल्या ठिकाणी आणून बसवणं, ही कला आहे. त्याची अडचण दुसरीच. तो दोघांचंही गुपित धरून असतो, आणि बैलाची खोड हे त्यातलं एक. चार बाजारांत त्यानं तो बैल पाहिलेला असतो. मग घेणारा एखाद्या वेळी शेवटचं हत्यार काढतो: ‘बेल-भंडारा उचला.’ बिरोबा, खंडोबाच्या मुलखात ही शपथ साधी नव्हे. सिद्धनाथाच्या गुलालाचीही तशीच. अशा वेळी सराईत दलालही हात मागं घेतो, म्हणतो, ‘देवाला कशाला मधी घालताय, बैल बघा की डोळ्यानं.’ खोटं बोलायला कचरणारा आणि गप्प बसायला न कचरणारा हा माणूस. त्याचा देव डायोजेनिसच्या बाजूचा आहे म्हणायचं.

इथवरचे सगळे ग्रंथ, कायदे आणि म्हातारे एकाच गोष्टीवर वाद घालतात: विकणारा घेणाऱ्याचं काय देणं लागतो. होडीच्या बाबतीत वाद तिथं संपतो. होडीची चीर लपवली तर भोगतो घेणारा, किंवा तिच्यात बसणारा. होडीला काही होत नाही. बैलाचं तसं नाही. समजा, जू मानेवर ठेवलं की खाली बसणारा ‘बसका’ बैल आहे, आणि त्याची खोड लपवून तो विकला. घेणाऱ्याचे पैसे बुडाले हे खरंच. पण आषाढात पेरणी तोंडावर असताना हा बैल वावरात मधेच बसतो तेव्हा आसूड कुणाच्या पाठीवर पडतो? शेपूट कुणाची पिरगाळली जाते? आपल्याला फसवून गेलेला हेडी कुठं सापडत नाही. समोर सापडतो तो बैल. टॉवेलाखाली लपवलेल्या खोडीची किंमत हप्त्यांत फेडली जाते, पहिला हप्ता घेणाऱ्याचा, पुढचे सगळे जनावराचे. आणि त्याच आषाढात बेंदराला त्याच बैलाच्या शिंगांना रंग लावून, पाठीवर झूल घालून, त्याला पुरणाची पोळी चारली जाते.

या तिसऱ्या पक्षकाराची आठवण महाभारतात एका दुकानदाराला झाली. शांतिपर्वात जाजली नावाचा एक तपस्वी आहे. इतका निश्चल उभा राहिला की पाखरांनी त्याच्या जटेत घरटं बांधलं, पिल्लं वाढून उडून गेली. त्याला गर्व झाला तेव्हा आकाशवाणीनं सांगितलं, वाराणसीच्या तुलाधाराची सर तुला नाही. हा तुलाधार गंध, औषधी आणि असलाच माल विकणारा वाणी. आपली तागडी सगळ्यांना सारखी तोलते, एवढंच तो स्वतःबद्दल सांगतो. एवढ्या मोठ्या ग्रंथात धर्म शिकवायला वाण्याला बसवलंय आणि ऋषीला ऐकायला, ही गोष्टच मजेची. पण त्याच संवादात तुलाधार एकाएकी बैलांवर येतो: त्यांचे वृषण कापणारे, नाकं टोचून वेसण घालणारे, बांधून ठेवून ओझी वाहायला लावणारे, यांना कुणी बोल का लावत नाही, असं विचारतो. जाजली गडबडतो. शेतीच केली नाही तर लोक खातील काय, यज्ञ कशानं होतील, असा त्याचा उलटा सवाल. माणदेशातला कुठलाही शेतकरी तिथं जाजलीच्या बाजूनं उभा राहील, आणि त्याच्या जागी त्याचं चूकही नाही. तुलाधाराचा प्रश्न मात्र त्यानं मिटत नाही. तागडीत दोन पारडी असतात. बैल त्यातल्या कुठल्याच पारड्यात बसत नाही, तो तोलला जाणारा माल असतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत कायद्यानंही या मालाकडं दोन बाजूंनी पाहिलं. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती बंद केल्या, त्या यातनांच्या मुद्द्यावर. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो कायदा उचलून धरला. त्यासरशी पळणाऱ्या खिल्लाराची मागणी वर गेली आणि ‘अमक्या मैदानात पहिला आलाय’ हे नवं गवालीक बाजारात आलं. दुसरीकडं, मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीनं महाराष्ट्रात गायीपाठोपाठ बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. श्रद्धेच्या दृष्टीनं अनेकांना हा मोठा दिलासा. पण म्हाताऱ्या, काम सरलेल्या बैलाच्या मालकापुढं प्रश्न उभा राहिला. पूर्वी असा बैल विकताना एक प्रश्न दोघंही टाळत, की हा इथून कुठं जाणार. आता तो टाळणं अवघड, आणि दुष्काळी तालुक्यात चाऱ्याला पैसे घालून त्याला मरेपर्यंत सांभाळणं त्याहून अवघड. त्यावर ट्रॅक्टर. दावणी दर वर्षी आखडत चालल्यात, असं यात्रेतली म्हातारी माणसं सांगतात.

आकडा जुळला की दलाल दोघांचे हात वर करतो, टॉवेल खांद्यावर जातो, विसाराची नोट या हातातून त्या हातात येते. पावती होते. बैलाच्या कपाळाला गुलाल लागतो. दोर बदलतो, जुना मालक आपला कासरा सोडून घेतो, कारण कासरा सौद्यात धरलेला नसतो. या क्षणापर्यंत तो बैलाबद्दल आपणहून एक अक्षर बोललेला नसतो. दात बघून झाले, चाल बघून झाली, समोरच्यानं जे विचारलं तेवढ्याला उत्तर, बाकी सगळं तोंडात मिठाची गुळणी धरून. पैसे कोपरीच्या आतल्या खिशात गेलेले असतात, आता सांगून त्याला ना फायदा ना तोटा. टेम्पोच्या फळीवर बैल चढायला मागं-पुढं करतो, खालून कुणीतरी काठी उगारतो, आणि पाठमोरा निघालेला जुना मालक वळून पुन्हा टेम्पोपाशी येतो.

‘आण्णा, डाव्या अंगालाच जुंपा त्याला. उजवीकडं चालत न्हाय.’

नवा मालक भुवया वर करतो. हे आधी सांगायला काय झालं होतं, असं त्याच्या तोंडावर येतं, पण दुसरा थांबलेला नसतो.

‘आन् वढ्यात पाणी आसलं की हुबा ऱ्हातो. मारू नगा. वाईच दम खातो आन् आपला आपण जातो.’